आप्पा, खालच्या कप्प्यातली पुस्तकं रद्दीत घालू नका

ती. आप्पा आणि आई,

साष्टांग नमस्कार. फोनवर ओरडून सांगण्यासारखा हा विषय नाही म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि आप्पांच्या हातात दे, तू वाचून दाखवू नको, कारण तो मधले मधले शब्द गाळतो.

परवा दादा म्हणाला की दिवाळीच्या आत चावडी चौकातला गाळा रिकामा करायचा ठरलंय. तुमची लायब्ररी बंद होऊन आठ वर्षं झाली, कधीतरी हे होणारच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग म्हणाला की चरित्रं, ऐतिहासिक, संतांचं वगैरे सगळं शाळेला देणार आणि खालच्या कप्प्यातलं रद्दीवाल्याला किलोवर, आणि हे तुम्हीच सांगितलंत म्हणे, वर म्हणालात की "आयुष्यभर लोकांना असला कचरा वाचायला दिला, आता निदान साफ तरी करून जातो". आप्पा, हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तुम्ही आणि कचरा हे दोन शब्द एका वाक्यात मला सहनच होत नाहीत.

तो खालचा कप्पा मला अजून डोळ्यासमोर दिसतो. तुमच्या खुर्चीच्या मागे, गुडघ्याच्या उंचीला, पुढे गोणपाटाचा पडदा. आत सगळी पुस्तकं सारख्या खाकी कागदाची, कव्हर फाडून पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलेली, पाठीवर नाव नाही, नुसता तुमच्या निळ्या शाईतला नंबर. गिऱ्हाईक नंबर सांगायचं, नाव कुणी तोंडाने घ्यायचं नाही. आणि ते हायस्कूलचे सर, त्यांचं नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच, ते दर शनिवारी यायचे आणि दासबोध वर ठेवून खाली चंद्रकांत काकोडकरांची शृंगारिक कादंबरी न्यायचे, आणि सोमवारी दोन्ही परत आणून द्यायचे, म्हणजे दासबोध त्यांनी किती वेळा नेला असेल बघा, रजिस्टरमधे सगळ्यात जास्त वेळा गेलेलं पुस्तक दासबोधच असणार. तुम्ही एकदाही हसला नाहीत. दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, "या सर" म्हणून द्यायचात. मी चौदा वर्षांची असताना पडदा बाजूला केला तर तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात की तो नंबर अजून तुझा नाही.

आता इथलं सांगते, मग तुम्हाला कळेल मी हे सगळं का काढलं.

मी जिथे काम करते त्या लायब्ररीत दर वर्षी जुन्या पुस्तकांचा सेल असतो, लोक घरातली खोकी आणून देतात, आम्ही ती उघडून लावतो, पेपरबॅक एक डॉलर, हार्डबाउंड दोन. माझ्याबरोबर एक बाई आहे, पंच्याहत्तरीला आलेली, जन्म इथला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचाच. यंदा खोकं उघडता उघडता तिने एक पुस्तक हातात घेतलं आणि खुर्चीत बसूनच हसायला लागली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. कव्हरवर एक बाई पाठमोरी, गुडघ्यावर बसलेली, अंगावर काही नाही, नुसते कमरेपर्यंत सोडलेले लांब केस. नाव नेकेड केम द स्ट्रेंजर. लेखिका पेनेलोपी ॲश. ती म्हणाली हे मी अठराव्या वर्षी गादीखाली ठेवून वाचलं, आणि आमच्या सगळ्या गल्लीने वाचलं, आणि ही लेखिका जगात कधी नव्हतीच.

मला आधी वाटलं टोपणनाव असेल, त्यात काय. पण तसं नाही, गोष्ट फार मजेची आहे, नीट ऐका.

आमच्या इथून गाडीने वीसेक मिनिटांवर गार्डन सिटी म्हणून गाव आहे, तिथे तेव्हा न्यूजडे या पेपरचं ऑफिस होतं. लाँग आयलंडचा मोठा पेपर, आपल्याकडे सकाळ कसा घरोघर तसा. तिथे माइक मॅकग्रेडी म्हणून पत्रकार होते. साधे नाहीत हं, नंतर व्हिएतनामला जाऊन युद्धावर लिहिलं, त्याला मोठं बक्षीस मिळालं. १९६६ साल. तेव्हा इथे हॅरॉल्ड रॉबिन्स आणि जॅकलीन सुसान यांच्या कादंबऱ्या धो धो खपत होत्या, पानोपानी बेडरूम, आणि मॅकग्रेडींना त्याचा भयंकर संताप यायचा की भाषा नाही, माणसं नाहीत, गोष्ट नाही, तरी लाखांनी कसं खपतं. म्हणून त्यांनी ऑफिसमधल्या लोकांना एक चिठ्ठी पाठवली की आपण सगळे मिळून एक बेस्टसेलर लिहायची. अट एकच, सेक्स सतत पाहिजे, आणि कुणी चांगलं लिहिलं तर निळ्या पेन्सिलीने काट मारली जाईल.

चोवीस-पंचवीस जण तयार झाले. बहुतेक पुरुष, काही बायका, आणि त्यात पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं बक्षीस मिळालेले लोकसुद्धा. कथा अशी की गिलियन ब्लेक नावाची बाई, ती आणि नवरा मिळून रेडिओवर आदर्श जोडप्याचा कार्यक्रम करतात, आणि तिला कळतं की नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, मग ती सूड म्हणून वस्तीतल्या लग्न झालेल्या पुरुषांना एकेक करून गाठते. एका प्रकरणात एक पुरुष. बॉक्सर, माफियावाला, ज्यू लोकांचा धर्मगुरू, कुणी म्हणून सुटला नाही. ही रचना हुशारीची होती, कारण दर प्रकरणात माणूस नवा, त्यामुळे लिहिणारा वेगळा असला तरी कुणाला शंका येत नाही. आठवड्याभरात एकेकाने आपापलं प्रकरण आणून दिलं.

आणि इथे त्यांची पंचाईत झाली. काहींची प्रकरणं चांगली निघाली! पत्रकार माणसं, हाताला सवय, वाक्य नीट येतं, माणूस जिवंत होतो, सवयीने कुठेतरी एक खरं दुःख येऊन जातं. मॅकग्रेडी आणि त्यांचे जोडीदार हार्वी ॲरनसन, या दोघांना बसून ते बिघडवावं लागलं. अप्पा बळवंत चौकातला कुठलाही प्रकाशक हे ऐकून डोक्याला हात लावेल, दोन संपादक दिवसरात्र बसलेत आणि काम काय तर चांगलं वाक्य शोधायचं आणि त्याची वाट लावायची. मॅकग्रेडी मधे व्हिएतनामला गेले, नंतर हार्वर्डला एक वर्ष होते, त्यात हे बाड पडून राहिलं आणि पुस्तक यायला १९६९ साल उजाडलं.

आता लेखिका पाहिजे. मॅकग्रेडींच्या नात्यातली एक बाई, सिस्टर इन लॉ म्हणजे इथे मेहुणी, नणंद, भावजय सगळं एकच, तिला पेनेलोपी ॲश केली. लाँग आयलंडची साधी गृहिणी, तिला वाटलं की सुसान लिहिते तसं मलाही लिहिता येईल, अशी तिची ओळख. ती प्रकाशक लाइल स्टुअर्ट यांच्याकडे बाड घेऊन गेली, पुढे टीव्ही रेडिओवर मुलाखतीसुद्धा द्यायला लागली, न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल. आणि ते कव्हर, ती पाठमोरी बाई, तो फोटो प्रकाशकाने हंगेरीच्या एका मासिकातून न विचारता उचलला होता, तिकडे अंगावर कपडे न घालता राहणाऱ्या लोकांचं मासिक होतं म्हणे. पुस्तक गाजल्यावर ती बाई आणि तो फोटोग्राफर, दोघंही पैसे मागत आले आणि द्यावे लागले! म्हणजे सगळ्या भानगडीत स्वतःच्या अंगाने हजर असलेली एकटी तीच होती, तिलाच विचारलं नव्हतं.

वीस हजार प्रती खपल्या. आणि मग लिहिणाऱ्यांनाच अवघड व्हायला लागलं. पैसा येतोय, लोक खरं समजून वाचतायत, आणि आपण तर थट्टा केली होती. ऑगस्ट १९६९ मधे सगळं बाहेर आलं. डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या टीव्ही कार्यक्रमात "आता येतायत पेनेलोपी ॲश" अशी घोषणा झाली, वाद्यवृंदाने सुंदर मुलीचं गाणं वाजवायला सुरुवात केली, आणि पडद्यामागून एकामागून एक, रांगेने, टाय लावलेले बाप्ये बाहेर यायला लागले. माझी ती मैत्रीण सांगत होती की तिचे वडील टीव्हीसमोर जेवत होते आणि घास तसाच हातात राहिला.

फसवणूक उघडी पडल्यावर पुस्तक पडलं असेल असं वाटेल ना? ऑक्टोबरपर्यंत नव्वद हजार. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत गेलं. लोकांना आता दोन गोष्टी मिळत होत्या, चावट पुस्तक आणि ते चावट कसं झालं त्याची हकीकत.

मी ते एक डॉलरला विकत घेतलं आणि तीन रात्रीत वाचलं. आप्पा, तुम्हाला खरं सांगते, ते वाचताना मला हसू आलं पण जीव लागला नाही. ज्याने लिहिलं त्याला वाचणाऱ्याबद्दल प्रेम नव्हतं, हे दर पानावर कळतं. आणि मला तिथेच खालचा कप्पा आठवला.

कारण तुमच्या कप्प्यातले लोक असे नव्हते. इथे पण तुमच्या कप्प्यातल्यासारखे इमानाने लिहिणारे होते. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग म्हणून मोठे विज्ञानकथाकार आहेत, सगळे मोठे मान मिळालेले, त्यांनी तरुणपणी १९५९ पासून पुढे चार-पाच वर्षं डॉन एलियट नावाने अशाच कादंबऱ्या लिहिल्या, दीडशेच्या वर, एकेक आठवड्याभरात. आणि त्या काळात शब्द तर एकही वावगा वापरायचा नाही, नाहीतर खटला, म्हणजे सगळं सूचकच. त्याच कमाईच्या जोरावर न्यूयॉर्कमधे घर घेतलं, तेही एके काळच्या मेयरचं, ला गार्डिया यांचं, ज्यांच्या नावाचा विमानतळ आहे. त्यांनी हे कधी लपवलं नाही, नंतर स्वतःच लिहिलं. कष्ट करून, वाचणाऱ्याला पानाला खिळवून ठेवायचं काम त्यांनी इमानाने केलं, पैसे घेतले, माल दिला.

आणि आता आपले काकोडकर. तुमच्या त्या सरांचे, आणि खरं म्हणजे अर्ध्या गावाचे.

तुम्हाला लायब्ररीच्या दिवसातलं आठवत असेल, पण तारखा जुळवून बघितल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची श्यामा ही गोष्ट आली. एका कवीची, त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन बायकांची. पुण्यातल्या एका गृहस्थाने तक्रार केली की हे अश्लील आहे. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात दोषी ठरले, दंड पंचवीस रुपये आणि अंकाच्या प्रती नष्ट करा म्हणून हुकूम. पंचवीस रुपये, आप्पा! कुणीही भरून मोकळा झाला असता. काकोडकर भरून गप्प बसले नाहीत, सुप्रीम कोर्टात गेले. आणि २५ ऑगस्ट १९६९ ला निकाल लागला, सुटले. ऑगस्ट १९६९! ज्या महिन्यात इथे ते पंचवीस जण उघडे पडले त्याच महिन्यात आपला एक माणूस दिल्लीत निर्दोष ठरला.

निकाल मी इंटरनेटवर वाचला, पूर्ण. जज लोकांनी गोष्ट सगळी वाचली आणि एकेक प्रसंग घेऊन लिहिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे फार वरच्या दर्जाचं साहित्य नसेल, अपरिपक्व असेल, अभिरुचीला धरून नसेल, पण ज्याच्या हातात पडेल त्याला बिघडवेल असं यात काही नाही. शिवाय हेही म्हटलंय की अश्लीलता देशादेशाप्रमाणे बदलते, फ्रान्समधे जे साहित्य ते इंग्लंडमधे अश्लील ठरू शकतं. आणि काळाप्रमाणेही बदलते. आपल्या देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने असं लिहून ठेवलंय की बिघडवेल असं काही नाही, आणि तुम्ही तुमच्याच खुर्चीत बसून स्वतःला कचरा विकणारा म्हणताय.

आणि वर्ष अजून संपलं नव्हतं. त्याच डिसेंबरमधे राजेश खन्नाचा दो रास्ते आला, तो काकोडकरांच्या नीलांबरी कादंबरीवरून. एकत्र कुटुंब, सावत्र भाऊ, आई, घर तुटतं आणि जुळतं, बायका पदराने डोळे पुसत थिएटरबाहेर आल्या. आई, तू सांगायचीस ना, प्रभातला आत्यांबरोबर गेली होतीस आणि येताना चप्पल तुटली म्हणून अनवाणी चालत आलीस, तो हाच पिक्चर. कथेबद्दल त्यांना फिल्मफेअर मिळालं. तोच माणूस. खाकी कागदातला आणि पदराने डोळे पुसायला लावणारा, दोन्ही हात त्याचेच.

मला हेच सांगायचंय आप्पा. इथे बक्षिसं मिळालेल्या पंचवीस लोकांना वाटलं की असलं लिहिणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, आणि चांगलं वाक्य काढून टाकलं की झालं. आणि तिकडे एकटा माणूस, महिन्याच्या महिन्याला कादंबरी देणारा, सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला पण माझी गोष्ट घाण आहे असं म्हणाला नाही. तुम्ही त्या माणसाच्या बाजूला होतात. तुम्ही त्याची पुस्तकं बांधली, फाटली की खळ लावून चिकटवली, ज्याला लाज वाटत होती त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा तो पोरगा, सातवी नापास, आठवतोय? बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपासून सुरू झाला, झुंजार झुंजार करत, मग खालचा कप्पा सगळा संपवला, मग एक दिवस तुम्हाला म्हणाला "आता काय देता?" आणि तुम्ही श्री. दा. पानवलकरांचं पुस्तक काढून दिलंत. माझ्या लग्नात आला तेव्हा त्याने मला खांडेकरांचा संच दिला. तो माणूस वाचायला कुठे शिकला? शाळेत नाही शिकला.

त्या कप्प्यातलं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. काही पुस्तकं खरंच वाईट होती, बायकांबद्दल वाट्टेल ते लिहिलेली, लेखकाचं नाव नाही, प्रेसचं नाव नाही, ती मी मोठी झाल्यावर चाळली तेव्हा मला किळस आली होती. ती जाऊ देत. पण ती दहा-पंधरा असतील, त्यांच्यासाठी सगळा कप्पा कशाला.

म्हणून माझं एवढं ऐका. दादाला सांगून काकोडकर सगळे बाजूला काढा, अर्नाळकर तर वरच्या कप्प्यातच आहेत पण ते शाळेला देताना आधी मला यादी पाठवा, आणि रंभाचे जे दिवाळी अंक पोटमाळ्यावर बांधून ठेवलेत त्यातला १९६२ चा असला तर तो कुणालाही देऊ नका, कोर्टाचा हुकूम रद्द झालाय, तो अंक ठेवायचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. मला तो अंक प्लास्टिकमधे नको, तुम्ही नेहमी गुंडाळता तसाच गुंडाळून पाहिजे. डिसेंबरात येतेय, तेव्हा बॅगेत एक कपडा कमी आणीन म्हणजे जाताना जागा राहील. इथे नंबरवर लावायला मी शेल्फ रिकामं केलंय, कपाटातलं नाही, बाहेरच्या खोलीतलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

आणि रजिस्टर. ते लांबट, लाल पाठीचं, सगळेच्या सगळे. त्यात लोकांची नावं आहेत म्हणून तुम्ही ते जाळणार असं दादा म्हणाला. ते तुमचं बरोबर आहे, कुणी काय नेलं हे कुणाला कळायला नको. पण जाळायच्या आधी एक पान मला फाडून द्या, ज्याच्यावर माझ्या नावाने पहिलं पुस्तक लिहिलंय ते. तुम्ही वर्गणीच्या रकान्यात "मुलगी" असं लिहिलं होतं.

आई गुडघ्याला तेल चोळतेय का ते कळवा, ती फोनवर खरं सांगत नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या दादाने तीन महिन्यांच्या एकदम आणल्यात ना? हे इकडे बरे आहेत, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. इथे थंडी सुरू झालीय.

तुमची,
नंदा